ऑफर हातात, मोबाइल बंद

महिन्याची एक तारीख. हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीच्या रिसेप्शनवर सकाळी साडेनऊला जाऊन बसा, फुकटात एकांकिका बघायला मिळेल. टेबलावर सहा पिशव्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत वही, पेन, कंपनीचं नाव छापलेला मग आणि ओळखपत्र अडकवायची निळी पट्टी. शेजारी आयटीवाल्यांच्या हातापाया पडून आणलेले सहा लॅपटॉप. दहा वाजतात. चार जण येतात. उरलेल्या दोन पिशव्यांकडे बघत एचआरची मुलगी फोन लावते. पहिला स्विच्ड ऑफ. दुसरा वाजतो, वाजतच राहतो, कट होतो आणि मिनिटभराने व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘मॅम, आजोबा सीरियस आहेत, गावी निघालोय.’

दर महिन्याच्या एक तारखेला सीरियस होणाऱ्या आजोबांची संख्या बघता आरोग्य खात्याने या साथीची दखल घ्यायला हवी होती. तीन दिवसांनी लिंक्डइनवर त्याच नातवाचा फोटो झळकतो. दुसरी कंपनी, दुसरी पिशवी, दुसरा मग, ‘नव्या प्रवासाला सुरुवात’ आणि खाली दोनशे अभिनंदनं. आजोबा कसे आहेत, हे त्या दोनशेंपैकी एकही जण विचारत नाही.

एचआरवाल्यांचं म्हणणं असं, की हल्लीच्या पोरांना प्रोफेशनल वागणं माहीतच नाही. मान्य. उमेदवारांची वकिली करायचा आमचा विचार नाही. आधी त्यांचीच हजेरी घेऊ, म्हणजे पुढे बोलायला मोकळे.

अर्जापासून सुरू करा. ज्याला बँकेत रिलेशनशिप मॅनेजर व्हायचंय त्याचा ईमेल पत्ता ‘डॅशिंगबॉय’ने सुरू होतो. त्याला फोन लावला की आधी अर्धा मिनिट वरातीतलं गाणं ऐकावं लागतं. बायोडाटाच्या तळाला ‘छंद : वाचन’ हमखास असतं आणि शेवटचं काय वाचलंत असं विचारलं की साहेब छताकडे बघतात. आता चॅटजीपीटी मदतीला आलंय, त्यामुळे ‘आपल्या (कंपनीचे नाव येथे लिहा) या संस्थेबद्दल मला पहिल्यापासून नितांत आदर आहे’ अशी पत्रं जातात. आदर तयार आहे, नाव तेवढं भरायचं राहिलंय.

मुलाखत ऑनलाइन असली तर बघायलाच नको. उमेदवाराचे ओठ हलतात आणि आवाज भलत्याचाच येतो. उत्तरं देणारा मित्र कॅमेऱ्याच्या पलीकडे बसलेला असतो. आमचा एक स्नेही अशा मुलाखती घेतो. त्याला संशय आला तेव्हा तो समोरच्याला म्हणाला, ‘दमला असाल, जरा पाणी प्या.’ उमेदवाराने बाटली तोंडाला लावली. डेटाबेसवरचं उत्तर मात्र न अडखळता चालू राहिलं. अर्धवटरावांनाही हे जमलं नसतं.

इथवर हसता येतं. पुढे येत नाही. २०२२ साली ॲक्सेंचरने भारतातल्या काही कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. ठरावीक कंपन्यांच्या नावाची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं जोडून नोकऱ्या मिळवण्याची पद्धतशीर साखळीच उघडकीस आली, असं कंपनीने सांगितलं. आणि पुण्यात गाडीवरच्या अंबर दिव्यामुळे गाजलेल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी तुमच्या लक्षात असतीलच. ३१ जुलै २०२४ ला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. स्वतःचंच नव्हे तर आईवडिलांचंही नाव बदलल्यामुळे परीक्षा किती वेळा दिली ते आपल्या लक्षात आलं नाही, असा आयोगाचा खुलासा होता. त्यासाठी आयोगाने २००९ ते २०२३ या १५ वर्षांतल्या, निवड झालेल्या १५ हजारांहून अधिक उमेदवारांच्या नोंदी चाळल्या. अर्जाच्या शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असं लिहून ठिकाण, तारीख, सही करायची असते. आपल्याकडे या तिन्हींतली तारीख तेवढी खरी असली तरी पुष्कळ.

झाली हजेरी. आता टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीकडे वळू.

उमेदवाराचं खोटं पकडायला यंत्रणा आहे. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडलं की कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीने पैसे भरले ते ओळीने दिसतं. पडताळणीची एजन्सी असते, तिचा माणूस घरी येऊन दाराचा फोटो काढून जातो आणि शेजारच्या काकूंना ‘इथेच राहतात ना?’ असं विचारून त्यांना महिनाभराचा विषय देऊन जातो. जुन्या साहेबाला फोन जातो, कॉलेजला पत्र जातं. कंपनीचं खोटं कुठल्या पासबुकात दिसतं? ‘कामाचे तास लवचिक’ म्हणजे रात्री साडेअकराला अमेरिकेचा कॉल, हे कुणी आधी सांगतं? ‘टीम लीड’ म्हणून घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कळतं, की टीममध्ये तो एकटाच आहे.

पगाराचं तर बोलूच नका. बोलू नकाच, कारण जाहिरातीतही कुणी बोलत नाही. तिथे ‘पगार योग्यतेनुसार’ असतं. रिक्रूटरचा फोन आला की पहिला प्रश्न, करंट किती? दुसरा, एक्स्पेक्टेड किती? तिसरा, नोटीस किती? तुमचं नाव बरोबर उच्चारतोय का, हा प्रश्न चौथा, तोही वेळ उरला तर. मग तीन महिन्यांच्या पे-स्लिपा पाठवा. उमेदवाराने आकडा फुगवून सांगितला तर ती फसवणूक. कंपनीने या जागेसाठी किती रक्कम मंजूर आहे ते लपवलं तर ती पॉलिसी. युरोपीय संघाने २०२३ च्या एका निर्देशात हा खेळ उलटा केला. पगाराचा पट्टा कंपनीने आधी सांगायचा आणि उमेदवाराला जुना पगार विचारायचा नाही. आपल्याकडे असं काही आलं तर निम्म्या रिक्रूटरांना फोनवर बोलायला विषयच उरणार नाही.

पण खरी गंमत नोटिशीत आहे. तिथे जरा थांबू, कारण आजोबांच्या आजाराचं मूळही तिथेच आहे.

आपल्या मोठ्या आयटी कंपन्यांत नोकरी सोडायची तर सहसा ९० दिवसांची नोटीस असते. राजीनामा दिल्यावर पुरे तीन महिने. त्याच कंपनीची भरतीची जाहिरात बघा, ‘तातडीने रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’. आपला माणूस तीन महिने सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा माणूस पंधरा दिवसांत हवा. आपली सून माहेरी जायला निघाली की कपाळाला आठी, आणि लेक मात्र दर शनिवारी यायलाच हवी, तशातली ही गत.

आता याचं गणित कसं चालतं ते बघा. एका पोराला ऑफर मिळते. तो राजीनामा देतो. त्या क्षणी नोकरीच्या पोर्टलवर तो ‘नोटीस पिरियडमध्ये आहे’ असा शेरा टाकतो, शेवटच्या दिवसाची तारीख भरतो. रिक्रूटर पोर्टलवर उमेदवार शोधतात तेच ‘महिन्याभरात येऊ शकतील असे’ ही चाळणी लावून. म्हणजे राजीनामा देण्याआधी ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याचा फोन राजीनाम्यानंतर वाजायचा थांबत नाही. शिवाय प्रोफाइल ताजं दिसावं म्हणून ही मंडळी रोज सकाळी दात घासण्याआधी एक विधी करतात. बायोडाटाच्या शीर्षकातला पूर्णविराम काढायचा, सेव्ह करायचं. दुसऱ्या दिवशी पूर्णविराम घालायचा, सेव्ह करायचं. मजकूर तोच, अनुभव तोच, पण यंत्राला वाटतं माणूस सक्रिय आहे आणि नाव यादीत वर सरकतं. मराठीच्या मास्तरांनी जन्मभर ओरडूनही पूर्णविरामाला जे महत्त्व मिळालं नाही, ते या पोर्टलांनी मिळवून दिलं.

दुसऱ्या महिन्यात दुसरी ऑफर येते, पहिलीपेक्षा वीस टक्के जास्त. कारण पहिलीचं पत्र दाखवूनच ती मिळवलेली असते. तिसऱ्या महिन्यात तिसरी. इकडे जुनी कंपनी शेवटच्या आठवड्यात जागी होते आणि ‘तू गेलास तर प्रोजेक्टचं कसं होणार’ म्हणत पगार वाढवून द्यायला तयार होते. तीन वर्षं अप्रेझलला मागितलेली वाढ अशी तीन तासांत मंजूर होते. मग त्या पोराने यातून काय शिकायचं? निष्ठा?

कंपन्या काही दूधखुळ्या नाहीत. दहांतले तीन-चार येणार नाहीत, हे त्यांना पाठ असतं. म्हणून जागा सहा असल्या की त्या दहा पत्रं काढतात. दहाचे दहा उगवले तर? मग काही जणांना फोन जातो, ‘प्रोजेक्ट पुढे गेलंय, जॉइनिंग डेट नंतर कळवू.’ हा किस्सा पोरांच्या ग्रुपवर फिरतो आणि पुढच्या खेपेला प्रत्येक जण हाताशी एक ऑफर जास्त ठेवतो. ते बघून कंपनी पुढच्या वेळी दहाऐवजी बारा पत्रं काढते. कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न इथे फुकट आहे. दोघांनाही आमलेट हवंय.

एचआरच्या त्या मुलीवर मात्र राग धरू नका. कितींना ऑफर दिली आणि त्यातले किती आले, या टक्केवारीवर तिचं स्वतःचं अप्रेझल असतं. संध्याकाळी ती पीजीवर परतते आणि त्याच पोर्टलवर स्वतःच्या प्रोफाइलचा पूर्णविराम काढते.

या सगळ्यात मार खातो तो तिसराच. निवडीच्या यादीत सातवा होता तो. लातूरहून, धुळ्याहून, सावंतवाडीहून आलेला, नऱ्ह्यात नाहीतर वाकडला कॉट बेसिसवर राहणारा. तिसऱ्या फेरीनंतर त्याला ‘ऑलमोस्ट डन’ असं सांगितलेलं असतं. तेव्हापासून तो आंघोळीला जातानाही मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो, फोन चुकायला नको. फोन येतो, आणि बोलणारी व्यक्ती अतिशय मधाळ आवाजात त्याला क्रेडिट कार्ड देऊ करते. रिसेप्शनवर ज्या दोन पिशव्या उरल्या त्यातली एक त्याची होऊ शकली असती. न येणाऱ्याने आठ दिवस आधी नुसतं ‘येत नाही’ म्हटलं असतं तर. आणि कंपनीने त्याला स्पष्ट ‘नाही’ म्हटलं असतं, तर त्याने तरी हाताशी आलेली दुसरी, कमी पगाराची नोकरी सोडली नसती. दोन्हीकडच्या गप्प बसण्याचा हप्ता हा सातवा भरतो.

दिलेला शब्द मोडण्यात आघाडी कुणाची, याचा हिशेब लावायचाच तर अलीकडचा इतिहास ताजा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांच्या पत्रावर वाट बघत बसलेल्या नव्या पदवीधरांना विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? निम्म्याच्या आसपास. भाजीवालीशी एवढी घासाघीस केली तर ती पिशवी परत घेते. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचमधल्या कित्येकांना ऑफर दिली आणि बोलावणं यायला दोन वर्षं लागली. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केल्यावर हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. पुढे त्याच प्रतीक्षेतून आत गेलेल्यांपैकी अनेकांना २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून घरी पाठवलं गेलं. तीनशेहून अधिक जण होते. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षेत नापास झाले, असं कंपनीचं म्हणणं. असेल. पण दोन वर्षं आईबापांना आणि नातेवाइकांना ‘लेटर आलंय, जॉइनिंग यायचंय’ असं सांगत बसलेल्या त्या पोरांसाठी प्रोफेशनल वागणुकीची कार्यशाळा कोण भरवणार होतं?

कॉलेजात ती भरते. प्लेसमेंट सेलचे सर टायची गाठ शिकवतात, हात किती जोरात दाबायचा ते शिकवतात, मुलाखतीला दहा मिनिटं आधी पोहोचा म्हणतात. सगळं बरोबर. मुलाखत घेणाऱ्याने वेळेवर यावं, आणि उमेदवारासमोर बसून पहिल्यांदाच त्याचा बायोडाटा उघडत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हणू नये, हे मात्र कुठल्याच सरांच्या पॉवरपॉइंटमध्ये नसतं.

शब्द मोडल्याची किंमत एका बाजूने ठरलेली आहे, बरं का. सरकारी बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पुरी होण्याआधी नोकरी सोडली, म्हणून त्याला बाँडप्रमाणे दोन लाख रुपये भरावे लागले होते. ती अट वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं. सरकारी बँकेला भरतीची सगळी खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे न्यायालयाचं कारण चुकीचं म्हणता येणार नाही. उमेदवाराच्या गेलेल्या दोन वर्षांचा दर मात्र कुठल्याही बाँडवर छापलेला आमच्या पाहण्यात नाही.

सरकारी नोकरीचा विषय निघालाच आहे तर तिथे एक बरं आहे. तिथे उमेदवाराला गैरवर्तन करायची सोयच नाही. त्याने अर्ज करायचा, शुल्क भरायचं आणि बसायचं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १००० रुपये आणि राखीव गटाला ९००. पाढे येत असतील तर रक्कम तुम्हीच काढा. तीन ऑफर हातात ठेवायचा प्रश्न इथे येत नाही, एकीचीच वाट बघता बघता वयोमर्यादा संपते.

आता ‘नाही’ म्हणण्याकडे वळू, कारण आमची सगळी तक्रार तेवढीच आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून कायदाच केला. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांत त्या उमेदवाराला निर्णय झाला की नाही ते कळवायचं. जाहिरातीत पगार सांगायचा, आणि जागा खरोखर रिकामी आहे की नुसती नावं गोळा करायची आहेत, हेही सांगायचं. आपल्याकडेही २५ माणसांचाच एक कायदा १९५९ मध्ये झाला होता. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं त्याने सक्तीचं केलं. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. आता तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून गेलाय. थोडक्यात, जागा रिकामी असल्याचं सरकारला कळवायचं. ज्याने तीन फेऱ्या दिल्या, रजा काढून, इस्त्रीचा शर्ट रिक्षात चुरगळू नये म्हणून ताठ बसून जो आला, त्याला काय झालं ते कळवायची सक्ती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

यात खर्च काय आहे? ज्या कंपनीकडे हजार अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर आहे, तिला हजार नकार एका बटणावर पाठवता येतात. पाठवत नाहीत, कारण यादीतला पहिला गळला तर दुसरा गरम राहायला हवा. उमेदवारही ‘येत नाही’ म्हणत नाही, कारण नवी ऑफर फिसकटली तर जुनी हाताशी हवी. दोघांचं कारण एकच आहे. फरक एवढाच, की एकाच्या मागे कायद्याचा विभाग आहे आणि दुसऱ्याच्या मागे शैक्षणिक कर्जाचा हप्ता. म्हणून आधी कुणी सुधारावं असं आम्हाला कुणी विचारलं, तर उत्तर सरळ आहे. ज्याची खुर्ची मोठी त्याने. दुसऱ्याने त्याची वाट बघत बसायचं कारण नाही, हेही तितकंच सरळ.

लिहिता येत नाही अशी सबब नको, म्हणून मजकूर आम्हीच तयार करून देतो. उमेदवारांसाठी : ‘नमस्कार. मी दुसरीकडे रुजू होत आहे, त्यामुळे आपली ऑफर स्वीकारू शकत नाही. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.’ एवढंच. कारण विचारलं तर ‘पगार’ असं सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, समोरचाही त्यासाठीच तिथे बसलाय. कंपन्यांसाठी : ‘नमस्कार. आपल्या मुलाखतीनंतर या जागेसाठी आपली निवड झालेली नाही. आपण वेळ काढून आलात, आभारी आहोत.’ यात ‘भविष्यात आपल्या प्रोफाइलचा जरूर विचार करू’ हे वाक्य घालू नये. करत नाही.

दोन्ही मजकूर फुकट आहेत, खाली आमचं नाव टाकायचीही गरज नाही. पहिला पाठवायचा तो रुजू व्हायच्या तारखेआधी निदान आठ दिवस. दुसरा, निर्णय झाला त्याच दिवशी संध्याकाळी ऑफिसातून निघण्यापूर्वी.